नाथाजीच्या पाठीशी कोण?

नाथाजी मोटे जन्मतःच संशयी. मेंढरं राखणाऱ्याला तेवढं लागतंच, पण नाथाजीनं हा गुण जरा जास्तच जोपासला होता. आभाळात ढग दिसला तरी "ह्यो हितं कशाला आला आसंल?" असं तो बायकोला विचारायचा. जतकडच्या त्याच्या गावात ढग इतके क्वचित येतात, की प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

असा माणूस सांगलीच्या तुरुंगात येऊन पडला. मेंढरं द्राक्षबागेत शिरली, त्यावरून मारामारी झाली आणि बागमालकाचा हात मोडला. काठी खरं तर धाकट्या भावाची, बाळासोची. पण वेलींच्या दाटीत मालकाला नीट दिसला तो नाथाजीच. दुसरा कागदोपत्री 'अनोळखी इसम' राहिला. फौजदारानं नाथाजीला उलटंपालटं करून एकच विचारलं, "तुझ्या पाठीशी कोण हाय?" नाथाजीनंही एकच उत्तर धरून ठेवलं, "कोन न्हाई." बाळासोचं नाव निघालं असतं तर तोही आत गेला असता आणि कळप वाऱ्यावर.

तुरुंगात नाथाजी हळूहळू मिटत गेला. अन्न गोड लागेना, झोप येईना. दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायचा. बाकीच्यांना आधी वाटलं, याचा भिंतीवर संशय आहे. डॉक्टरांनी मात्र ओळखलं, हे नैराश्य. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. ही माणसाला बोलतं करायची गोळी असणार, या खात्रीनं नाथाजी त्या गालात धरून थुंकून टाकायचा.

त्यातच पल्लवी आली. माधवनगरची, कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी. नैराश्यानं ग्रासलेल्या कैद्यांना आपल्या माणसांचा आधार किती वाटतो, हे ती मोजत होती. आधार खरोखर किती आहे ते नव्हे, वाटतो किती ते. पण 'आधार' म्हटलं की अर्धे कैदी कार्डाचा नंबर आठवायला लागत. म्हणून बिचारीनं साधासोपा शब्द शोधला होता.

"नाथाजी, संकटात तुमच्या पाठीशी कोण असतं?"

नाथाजीनं तिला नीट न्याहाळलं. सुती कुर्ता, गोड आवाज, हातात पेन. म्हणजे फौजदारानं आता बाई पाठवली होती.

"कोन न्हाई."

घरचे? न्हाई. मित्र? न्हाई. मनातलं कुणापाशी बोलता? नाथाजीला हा प्रश्न तर सगळ्यात पोचलेला वाटला. मनात काही न्हाईच, असं सांगून तो मोकळा झाला.

ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं, त्यांचेही आकडे नाथाजीच्या वर निघाले. पल्लवीचा जीव गलबलला. डॉक्टरांशी बोलून तिनं परवानगी काढली आणि घरच्यांच्या भेटीच्या दिवशी त्याच्या बायकोसाठी जाळीपाशी थांबली.

रंगुबाई दर खेपेला न चुकता येत असे, एसटी बदलत, उन्हातान्हाची. पल्लवीनं तिला अगदी हळुवारपणे सांगितलं, की यांना आपल्या पाठीशी कुणीच नाही असं वाटतं, तेवढं बघा.

रंगुबाईनं पदर खोचला.

"कोन न्हाई?" ती जाळीतून म्हणाली. "आवं, मग मी कोन? आन् माघारी मेंढरामागं रानोमाळ फिरतुया त्यो..."

नाथाजीला एकदम खोकला लागला. दाराशी उभ्या शिपायानं मान वळवली. खोकता खोकता नाथाजी डोळे वटारत होता, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. रंगुबाई थांबली. उभा जन्म या संशयी माणसाबरोबर काढलेली बाई ती.

"...त्यो आपला कुत्रा," ती म्हणाली. "त्यो कोन न्हाई व्हय?"

शिपाई हसला आणि पुन्हा दाराकडं वळला. पल्लवीही हसली, पण कुत्र्याचे किती आकडे धरायचे, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, "मग रंगुबाई तुमच्या पाठीशी आहेत, असं लिहू ना?"

नाथाजी घामाघूम झाला. हो म्हणावं तर बायकोचं नाव फौजदाराच्या वहीत. नाही म्हणावं तर एवढ्या लांबून आलेली ही बाई तशीच माघारी जायची. त्यानं जाळीला बोटं लावली.

"पाठीशी न्हाई म्याडम. पाठीशी कोन बी न्हाई." मग त्याचा आवाज खाली गेला. "ही म्होरं हाय. कवाबी बगा, म्होरंच आसती. तसं लिवा."

रंगुबाई जाळीच्या अलीकडून त्याच्या खप्पड गालांकडं बघत राहिली. मग जेवता का, गोळ्या घेता का, म्हणून दरडावायला लागली. नाथाजीनं सगळ्याला व्हय म्हटलं. त्यातला गोळ्यांचा व्हय त्या दिवसापासून खरा ठरला.

पल्लवीनं काय लिहायचं ते लिहिलं.

"म्याडम," नाथाजी म्हणाला, "ह्ये फौजदाराला दावनार न्हाई न्हवं?"

नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं. नाथाजीचा अर्थातच विश्वास बसला नाही.