ग्राइप वॉटरच्या बाळाचा कान

मोठा कलावंत त्याच्या काळातल्या माणसांना ओळखू येत नाही, असं कलेच्या इतिहासात गंभीरपणे लिहिलेलं असतं. मला एक ओळखू आला. गिरगावातल्या आमच्या छापखान्यात, माझ्या टेबलापासून आठ हातांवर बसून तो ग्राइप वॉटरच्या बाटलीचं लेबल काढत असे. या बाबतीत मी इतिहासाच्या पुढे गेलो याचा अभिमान मला साधारण दोन दिवस वाटला. त्यानंतर नुसती भीती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. शहरात गोळीबार होऊन गेले होते. आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीत दिवेलागणीला आया पोरांची डोकी मोजून घेत. मी छापखान्यात प्रुफं तपासत असे. माझं शौर्य ऱ्हस्व-दीर्घापुरतं होतं.

एका सकाळी कामावर जाताना वाडीच्या तोंडाशी भिंतीवर चिकटवलेलं एक चित्र दिसलं. काळा आणि लाल, दोनच रंग. पदर खोचून उभी राहिलेली गिरणीतली बाई, कडेवर मूल, मागे माणसांची दाटी. त्या दाटीत एकही चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. तोवर भिंतींवर मी मशाली पुष्कळ पाहिल्या होत्या. मशाल काढणं सोपं, खाली दांडा आणि वर गोंधळ. पण ही बाई बघणाऱ्याकडे अशी बघत होती, की काल आपण मोर्चाला का गेलो नाही याचं कारण मी मनातल्या मनात तिला सांगू लागलो.

मग मला तिच्या मुलाचा कान दिसला. आतली कड शंखासारखी वळत जाऊन शेवटी एक बारीक गाठ. हा कान मी कित्येक महिने प्रुफात बघत होतो. ग्राइप वॉटरच्या बाळाचा.

आमच्या आर्टिस्टना मी काही विचारलं नाही. सगळा छापखाना त्यांना आर्टिस्ट असंच म्हणायचा. मालवणकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. लालबागच्या चाळीत त्यांची एक खोली, त्यात बायको, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली आई. ते तुरुंगात गेले असते तर त्या खोलीत कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

रविवारी मी भिंती बघत हिंडू लागलो. परळला एका गिरणीच्या भिंतीवर कोणीतरी नुसते हात काढी, सूत जोडणारे, इतके खरे की त्यांना तेलाचा वास यावा. दादरला एकजण अक्षरं अशी रंगवी, की ती खांद्याला खांदा लावून उभी राहिल्यासारखी वाटत. कोणाचं नाव कुठे नव्हतं. मला हे प्रदर्शन आवडलं. उद्घाटनाचं भाषण नव्हतं आणि अध्यक्षही नव्हते. फक्त फार वेळ थांबता येत नसे. लालबागला एका चित्रासमोर उभा होतो, तर मागून दोन पोरं आली.

"काय वाचताय एवढं? दोनच तर ओळी आहेत."

"चित्र बघतोय."

"पाच मिनिटं? पोलिसात आहात काय?"

मी नाही म्हटलं. ते मला माझ्या कानांनाही खोटं वाटलं. समोरच्या कोपऱ्यावरचा हवालदारही माझ्याकडेच बघत होता. मी दोघांच्या मधून, न धावता पण धावल्यासारखा, निघून आलो.

आणि एका दुपारी मालकांनी मला आत बोलावलं. खुर्चीत इन्स्पेक्टर बसला होता. टेबलावर गिरणीतल्या बाईची नवी प्रत पसरली होती, पाठीमागची खळ अजून ओली.

"गिरगावातले सगळे छापखाने पालथे घातले," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुम्ही रोज चित्रं बघता. हे काम कोणाचं? सापडला की वर्षभर आत."

भीती वाटली की काही माणसं रडतात. मी विद्वान होतो. मी म्हणालो, "हे कुठल्याही शिकाऊ माणसाचं काम दिसतंय. शरीररचनेचा अभ्यास नाही. रेषेत आत्मविश्वास नाही. हा कान बघा, कान असा असतो का?" कानाकडे बोट दाखवल्यावर मला कळलं, मी नको तेच दाखवलं होतं. पण इन्स्पेक्टरने वहीत 'शिकाऊ' असं लिहून घेतलं.

तिथे ते संपायचं. पण मालकांना सरकारला मदत करायची हौस आली. "आमच्या आर्टिस्टलाच विचारू की!"

आर्टिस्ट ब्रश पुसत आत आले. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्याकडे बघेनात.

"हे म्हणतात शिकाऊ माणसाचं काम आहे," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

आर्टिस्ट चित्राकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होतो, हो म्हणा. दोन मुली आहेत. हो म्हणा.

"शिकाऊ? साहेब, हा कान काढायला दहा वर्षं लागतात."

"असं? मग असा कान काढणारी माणसं मुंबईत किती?"

"दोन. फार तर तीन."

"नावं सांगा."

"एक मी."

मग इन्स्पेक्टरची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. तिथे ग्राइप वॉटरचं बाळ अंगठा चोखत होतं. तो मोठ्याने हसला. मालक हसले. मीही हसलो, माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट हसू. "तुम्ही बाळंच काढा," असं म्हणून इन्स्पेक्टर चित्राची गुंडाळी करून निघून गेला.

संध्याकाळी काम सुटताना मी आर्टिस्टना फाटकाशी गाठलं. म्हटलं, "मी तुम्हाला वाचवत होतो."

"वाचवचा होता तर बंगाल्याचा काम म्हणून सांगूचा होता! पोलीस कलकत्त्याक गेले असते. शिकाऊ? तुका कानातला काय कळता रे? तू अनुस्वार मोजणारो माणूस."

"चुकलं माझं. पण आता गप्प राहा."

"खरा सांगलंय तर हसले! आता फुडल्या चित्राखाली सही करतंय. पुरा नाव. बघूया कोण हसता."

"आणि मुली? आई?"

ते थांबले. चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "त्यांका तरी कळात, बापूस कोण होतो," आणि चालू लागले.

मी पुढचे दोन दिवस काही खाल्लेलं आठवत नाही. कामावर आर्टिस्ट माझ्याशी बोलत नव्हते. बाटल्यांची लेबलं काढत होते. तिसऱ्या सकाळी चित्र लागल्याचं कळलं आणि मी मालकांना ताप आल्याचा निरोप पाठवून लालबागला गेलो. खिशात वस्तऱ्याचं एक जुनं पातं होतं. सही खरवडायचा विचार होता. दिवसाउजेडी, पोलिसांसमोर, ते कसं करणार होतो हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

चित्र मोठं होतं, आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. खालच्या बाजूला, सहीच्या जागी, खरजेच्या मलमाची जाहिरात चिकटवलेली होती; तिच्याखालून सहीचं शेपूट तेवढं बाहेर आलं होतं. मी परळला गेलो. तिथेही मलम. दादरला मलम. गिरगावात परत आलो तर प्रत्येक चित्राच्या त्याच कोपऱ्यावर, त्याच कंबरेएवढ्या उंचीवर, मलम.

मलम चिकटवणारा माणूस बहुधा बुटका होता.