गढीची पांढरी माती

लातूर-निलंगा रस्त्यालगतची जुनी गढी पाडून तिथं कोचिंगवाल्यांचं मुलींचं वसतिगृह होणार होतं. पोकलेन ठरला, भूमिपूजनाचे नारळ फुटले आणि मग पुरातत्त्ववाल्यांना गढी आठवली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. घाईघाईनं खोदकाम निघालं. मजुरीला गावातल्याच बाया लावल्या. त्यांत गुणाबाई होती.

गुणाबाई कामाला वाघीण, बोलायला मुकी. भूकंपात नवरा आणि चार वर्षांची लेक सुकन्या गेली, तेव्हापासून तिचं असंच. लोक म्हणत, बाई दगड झाली. दगड कसली! ती रोज उठायची, भाकरी थापायची, कामावर जायची. आत काही हलायचं नाही, एवढंच.

गढीची पांढरी माती तिच्या ओळखीची. पूर्वी गावात सगळ्यांचीच मातीच्या छताची माळवदं. पाऊस तोंडावर आला की बाया इथूनच टोपल्या भरून न्यायच्या आणि छतावर आणखी एक थर चढवायच्या. त्या साली गुणाबाईनं दोन थर दिले होते, लेकराच्या अंगावर गळू नये म्हणून. ते सगळं ओझं भूकंपात खाली आलं. जवानांनी ढिगाऱ्यातून काढलेली प्रेतं एकत्रच जाळावी लागली. सुकन्याचं तोंड तिला दिसलंच नाही. ढिगारा उकरताना हाती लागला तो काळ्या बांगडीचा एक तुकडा. दृष्ट लागू नये म्हणून सुकन्याच्या हातात काळ्या बांगड्या असायच्या. तो तुकडा गुणाबाईनं कमरेच्या चंचीत जपला होता.

त्या दिवशी चाळणीत माती हलवताना काळी काच निघाली. एक तुकडा, मग आणखी दोन. खोदकाम बघणाऱ्या अपूर्वाताईंनी त्यातला एक उन्हात धरला.

"बहामनी काळातल्या बांगड्या. आत पिवळी रेघ दिसते, बघा."

गुणाबाईनं पाहिली. तिच्या तुकड्यातही अशीच रेघ होती. सुकन्याच्या बांगड्यांना होती का? होतीच, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आता आठवायला गेली तर लेकराचा हात आठवेना, नुसता तो तुकडाच डोळ्यांपुढं येई.

जेवणाच्या सुट्टीत तिनं चंची सोडली. अपूर्वाताईंनी तुकडा बाकीच्यांशेजारी ठेवून पाहिला.

"अगदी तीच. कुठं सापडली, मावशी?"

"माळवदाच्या मातीत."

"म्हणजे माती इथलीच नेलेली. घर कुठाय तुमचं?"

"पडलं. भूकंपात."

अपूर्वाताई तुकडा तिच्या हातावर परत ठेवत म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडंच. एवढा जपलाय."

रडू येईल म्हणून गुणाबाई जरा थांबली. आलं नाही. तिनं तुकडा इतर तुकड्यांत नेऊन ठेवला.

"नगं, ताई," ती म्हणाली. "माझ्या लेकीचा म्हणून ठिवला व्हता. तिचा न्हाई ह्यो."