गोधड्यांचा स्टुडिओ

सिंगापुरातल्या तांजोंग पगारच्या बारमध्ये मी बरीच वर्षं आर अँड बी गायले. दिवसा बँकेतली नोकरी, संध्याकाळी गाणं. पण रेकॉर्डिंगला गेले की ओळीच्या शेवटी घेतलेली माझी हरकत प्रत्येक प्रोड्यूसर पुसून टाकायचा. "फार इंडियन वाटतं." शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता प्रोड्यूसर मीच होणार.

क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, इथल्या नव्या फ्लॅटमध्ये असतं तसं, जाड काँक्रीटचं बॉम्ब शेल्टर होतं. युद्धबिद्ध झालं तर लपायला. आईने त्यात तांदूळ आणि लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. त्या मी बाहेर काढल्या. आत आवाज फार घुमायचा, आणि त्या भिंतींना खिळा ठोकायला बंदी. मग कपडे वाळत घालायचे स्टँड आत उभे केले आणि त्यांवर आईच्या गोधड्या टाकल्या.

"लोक हसतील गं," आई म्हणाली.

"हसू देत. मी दार लावून घेणार आहे."

पहिली गायला आली ती शेजारच्या ब्लॉकमधली एक मलय मुलगी. ओळीच्या शेवटी तिने आवाजाला तिच्या घरच्या गाण्यातला हेलकावा दिला आणि एकदम थांबली.

"सॉरी लाह," ती इथल्या बोलीत म्हणाली, "साधं गाते."

"साधं गायला तुला बोलावलेलं नाही," मी म्हणाले. "पुन्हा गा. तस्संच."

ती गायली. मी काहीही पुसलं नाही.