उएनोत पाहिलेली डच फरशी

उरायासुतल्या माझ्या घरून निघतानाच अप्पांचा आणि माझा खटका उडाला होता. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेले माझे वडील लेकीकडे पहिल्यांदाच जपानला आलेले, आणि आल्यापासून ‘परतीचं तिकीट अलीकडचं घे’ हा एकच धोशा. वर्षापूर्वी काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला. उजव्याने दिसतं सगळं, पण अंतराचा अंदाज येत नाही. चहा कपाबाहेर ओततात, पायरी चुकते, आणि हात धरायला जावं तर झिडकारतात. चित्र काढणं तर बंदच झालं होतं. माणूस आतून मिटत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

उएनो स्टेशनात तेच झालं. जिना संपला असं समजून त्यांनी पाऊल टाकलं आणि कोलमडले. मी दंड धरला, त्यांनी सोडवून घेतला. "मी पांगळा झालेलो नाही." मागची माणसं बाजूने निघून गेली. मला रडू यायला हवं होतं, त्याऐवजी रागच आला. स्टेशनाबाहेरच्या बागेत बाकावर बसून आम्ही कोन्बिनीतून (दिवसरात्र उघडं असणारं दुकान) घेतलेली ओनिगिरी (भाताची तिकोनी मूद) खाल्ली. लोणचं आणायला हवं होतं, असं अप्पा म्हणाले.

तिथल्या संग्रहालयात युरोपातली जुनी चित्रं मुक्कामाला आली होती. असली चित्रं अप्पांनी पुसट काळ्यापांढऱ्या छापांवरून शिकवलेली. अस्सल एकही पाहिलं नव्हतं. एका डच चित्रापुढे ते थबकले. काळ्यापांढऱ्या फरशीची खोली, पत्र वाचणारी बाई, पायाशी कुत्रं, मेजावर विझलेली मेणबत्ती. मागे उघडं दार, त्यापलीकडे आणखी एक दार आणि तिथे ऊन. मला आपलं वाटलं, घर छान ठेवलंय बाईने. अप्पा हळू आवाजात सांगू लागले. कुत्रं म्हणजे इमान, मेणबत्ती म्हणजे आयुष्याचा नेम नाही, पत्र बहुधा दूर गेलेल्या नवऱ्याचं. त्या काळच्या लोकांना हे सांगावं लागत नसे; दारावरचं तोरण आपल्याला कुणी समजावून सांगतं का?

बोलता बोलता त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि हात ताठ करून चित्रावर रोखलं. ड्रॉइंग मास्तरांची माप घ्यायची जुनी खोड! कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या राखणदार बाई आवाज न करता जवळजवळ धावतच आल्या. आता आपली वरात बाहेर निघणार, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनीच वाकून माफी मागितली, पेन ठेवून द्यायची खूण केली आणि दोन्ही हातांनी एक आखूड एम्पित्सु (शिसपेन्सिल) पुढे केली. इथे चित्रांजवळ शाईला मज्जाव असतो. अप्पाही वाकले, एक पाऊल मागे सरले आणि पेन्सिलीने मापू लागले.

मग ते एकदम स्तब्ध झाले. बरं वाटतंय ना, असं मी दोनदा विचारलं.

"एक डोळा मीट," ते म्हणाले.

मी मिटला. आधी काहीच नाही. मग फरशी सावकाश मागे मागे गेली, बाई अलीकडे आली आणि दुसऱ्या दारापर्यंतची जागा इतकी खरी झाली, की चपला काढून आत जावंसं वाटलं. डोळा उघडला, तर पुन्हा सपाट कापड.

दोन डोळे चुगली करतात, अप्पांनी समजावलं; कापड सपाट आहे हे लगेच सांगून टाकतात. एकट्या डोळ्याला चित्रकार फसवू शकतो. "माप घेताना एक डोळा मिटा, म्हणून जन्मभर पोरांवर ओरडलो," ते म्हणाले. "आता मला मिटावाही लागत नाही." आणि हसले. वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी उरायासुला उतरलो. जिन्याच्या तोंडाशी अप्पा थांबले. मी मुद्दामच दंड धरायला गेले नाही.

"त्या चित्रातलं अंतर मला कळतं गं, इथलं नाही कळत," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "धर."

त्यांचा तळवा घामाने भिजला होता. वर्षभर मी ज्याला त्यांचा हेका म्हणत आले, ती भीती होती.