तव्यावरची काळी पानं

जर्मनीत ब्राउनश्वाइगला मी डॉक्टरेट करत होतो तेव्हा आमच्या मजल्यावर एक चिनी गृहस्थ राहायचे. स्वयंपाकघर आम्हा दोघांत एकच. बोलायला लागले की आधी ‘आल्झो’ म्हणायचे, म्हणजे आपलं ‘तर मग’, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत आपण ताटकळत राहायचं.

उन्हाळ्यात ते रेल्वेरुळांच्या कडेची काटेरी रोपं कापून आणत. जांभळी बोंडं, आपल्या उंटकटाऱ्याच्या नात्यातली. वाळलेली पानं लोखंडी तव्यावर बाहेरून काळी, आतून तपकिरी होईपर्यंत भाजायची आणि वर पाण्याचा हबका मारायचा. त्या वासाने घरमालकीण खिडक्या उघडत फिरे. "रक्त थांबवायला घेतात म्हणे," ती मला सांगे.

एकदा कांदा चिरताना माझं बोट चांगलंच कापलं. ते धावत खोलीत गेले, काळ्या भुकटीची बरणी आणली, झाकण उघडलं आणि थबकले.

"आल्झो... आमच्याकडचं झाड हे नव्हे. इथलं त्याच्या जवळचं आहे. तुम्हाला कसं देऊ?"

बरणी बंद करून त्यांनी औषधाच्या दुकानातली पट्टी बांधली. माणूस जपून वागणारा आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेसिनपाशी खोकत उभे होते. हातातला रुमाल लाल झाला होता. मला पाहून त्यांनी तो खिशात कोंबला, त्याच बरणीतली भुकटी गरम पाण्यात ढवळली आणि शांतपणे प्यायले.

"डॉक्टरला दाखवलंत का?" मी विचारलं.

"आल्झो," ते म्हणाले आणि कप विसळायला लागले.