गावाला गेलेला ओढा

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांत माणसं भरली. त्यात मीही लागलो, वनीकरणाच्या रोपवाटिकेवर. मी मुखेडकडचा, कोरडवाहू रानातला. झाडांचं थोडंफार शिक्षण झालेलं आणि राग कायम नाकावर. माझ्या हाताखाली रोजंदारीवर एक मावशी होती. करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर यांची पिशव्यांतली रोपं तीच वाढवायची. रोप हलवताना ती त्याला "सरक बाई जरा" म्हणायची. मला मात्र सरळ हुकूम सोडायची.

तिचं घर ओढ्याच्या काठावर, वस्तीतल्या बुद्धविहारामागं. काठावरची झाडी मागच्या दुष्काळात सरपणाला गेली होती. मग एका पुरानं उघडा काठ खचला आणि तिची न्हाणी वाहून गेली. आता भिंतीपासून काठ चार पावलांवर आला होता. पुढच्या पुरात घरच जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि दुसरीकडं जागा नव्हती.

म्हणून ओढ्यावर झाडं लावायचा हुकूम आला तेव्हा ती लेकीचं लग्न ठरल्यागत हरखली. पण पुन्हा दुष्काळ होता, दोन पावसाळे ओढा वाहिलाच नव्हता. पात्रातली माती मऊ, खाली थोडी ओल, खड्डे घ्यायला सोपं. मी सगळी रोपं पात्राच्या मधोमध दोरी धरून लावली आणि त्या सरळ रांगा बघून स्वतःवरच खूश झालो.

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सायब, हे काय करायलात?"

"इथं ओल आहे, मावशी. काठावर जगायची नाहीत."

"वढा गावाला गेलाय, मेला न्हाई. आल्यावर त्यानं चालायचं कुठून?"

मला भयंकर राग आला, कारण तिचं खरं होतं. माझ्या गावाकडं ओढा म्हणजे बैलगाडीची वाट. त्यातून पाणी जातं, हे मी साफ विसरलो होतो. रोपं उपटून काठावर नेली. पाच जांभळं मात्र हट्टानं पात्रातच ठेवली. म्हटलं, बघूच.

काठाच्या उतारावर तिनं निर्गुडीच्या फांद्या दाटीनं खोचल्या. त्यांच्यामागं करंज आणि अर्जुन, सगळ्यांत वर उंबर. राहिला प्रश्न पाण्याचा. बायका पात्रात झिरे उकरून प्यायचं पाणी भरायच्या. झिऱ्याचं पहिलं पाणी गढूळ, ते उपसून फेकायची रीत. मावशीनं वस्तीत फर्मान काढलं, "गढूळ पानी फेकायचं न्हाई, झाडाच्या बुडाला घालायचं." बायका कुरकुरल्या, हसल्या आणि मग तांब्या तांब्यानं घालू लागल्या. माझ्या पाच जांभळांना ती स्वतः घालायची. म्हणायची, "चुकीच्या जागी हायत म्हणून त्यांना तहान लागत न्हाई व्हय?"

पुढचा पावसाळाही कोरडाच गेला. त्याच्या पुढच्या साली, भर दुपारी ओढा आला. आमच्याकडं थेंब नव्हता, पाऊस वरच्या अंगाला पडला होता. मी सायकल दामटत वस्तीवर पोचलो. मावशीनं भांडीकुंडी रस्त्यावर काढून ठेवली होती आणि ती भिंतीला पाठ लावून उभी होती. पाणी काठाला धडका देत होतं. निर्गुडी पार आडवी झाली, पण तिची मुळं सुटली नाहीत. दिवस मावळायच्या आत पाणी उतरलं. काठ होता तिथंच होता आणि घरही.

मला भयंकर आनंद झाला. वळून बघतो तर मावशी पदरानं डोळे पुसत होती.

"मावशी, आता रडताय कशाला? घर राहिलं की!"

तिनं पात्राकडं बोट केलं. तिथं नुसती वाळू होती.

"पाचीच्या पाची गेली वो सायब," ती म्हणाली, "तुमची जांभळं."