गडी बाद होता

हे सांगणं मी वर्षानुवर्षे टाळलं. चामराजपेटचा तो कानडी मुलगा मला एकदाच भेटला, आंतरशालेय खो-खोच्या अंतिम सामन्यात. मी पंच होतो. शेवटच्या क्षणी त्याने खांबावर झेप घेऊन गडी टिपला आणि मी फाउलची शिट्टी फुंकली; त्याचा संघ हरला. चूक लगेच कळली, पण निर्णय फिरवणं कमीपणाचं वाटलं. गुडघ्यांची माती झटकत तो हसला, "सरी सर, ठीक आहे, शिट्टी तुमची. पण गडी बाद होता."

पुढे तो सैन्यात गेला, सीमेवर शहीद झाला.

काल त्याच्या शाळेने मैदानाला त्याचं नाव दिलं. मी माइक मागून घेतला. "गडी बाद होता. त्या वर्षी याच शाळेचा संघ जिंकला."

पोट सुटलेले त्याचे सवंगडी खांबाकडे धावले. "जिंकलो रे, अण्णा!" ते खांबाला टेकवलेल्या त्याच्या फोटोला ओरडून सांगत होते. मैदान दणाणलं.

मलाही त्याला सांगायचं होतं, "चुकलो, बाळा." ते मात्र ओठांतच राहिलं.